गाठ मारलेला कंद

"हा कंद शिजवायचा कसा?" असं विचारून तो उभा राहिला, आणि वासू सांगायला लागल्यावर त्यातलं एक अक्षरही त्यानं ऐकलं नाही.

मला ते दिसलं, कारण मी त्या दोघांच्या मधेच बसले होते, जमिनीवर, कंदांच्या ढिगामागे. जानेवारीतला जोयड्याचा कंदमेळा. दर वर्षी बा आमच्या बाजारकुणंग गावाहून कोन घेऊन इथं यायचे. कोन म्हणजे हातभर लांबीचा, मातीच्याच रंगाचा कंद. यंदा बा नव्हते. कार्तिकात गेले. त्यांच्या जागी माझा धाकटा भाऊ वासू बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर दोन महिन्यांचे केस भाताच्या रोपांसारखे उभे होते.

"आधी उकडायचा," वासू सांगत होता. "मग साल काढायची..."

"हं."

"मग छपरावर टाकून द्यायचा."

"हं... काय?"

"ऐकतायसा काय ते बघत होतो."

तो हसला. काखेत हेल्मेट, शर्टाच्या बाह्या अर्ध्या दुमडलेल्या. "मी अर्जुन. रामनगरचा. आमचं भांड्यांचं दुकान आहे तिथं," असं त्यानं कुणी न विचारताच सांगितलं. मग 'जरा फिरून येतो' म्हणून निघाला. सात-आठ पावलांवर त्यानं मागं वळून पाहिलं. नेमका त्याच वेळी वासू त्याच्याकडे पाहत होता. मी एका कोनावरची माती खरवडत राहिले.

"ओळखीचा?" मी विचारलं.

"न्हाई, अक्का."

"मग कान का लाल झाले?"

वासू कंद नीट रचायला लागला. त्याला मुली नव्हे, मुलगे आवडतात, हे त्यानं मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, बांनाही, माझ्यानंतर. पण एक गोष्ट मी कधी विचारली नव्हती. ती आज विचारली.

"तुम्हाला कळतं कसं रे – एकमेकांचं?"

तो विचारात पडला. "बाला कोन कसा कळायचा?"

कोनाची वेल दिवाळीनंतर वाळते, तुटून उडून जाते. जमिनीवर काही उरत नाही. म्हणून पावसाळ्यात वेल हिरवी असतानाच शेजारच्या झाडाला सालीची गाठ मारून ठेवायची. ही खूण. गाठ दिसली की तो कंद दुसरं कुणी खणत नाही. पण बांना गाठ नसलेलेही सापडायचे. पाचोळ्यात दोऱ्याएवढा वाळका देठ दिसला तरी ते थांबत.

"तसंच," वासू म्हणाला. "माणूस बघतो. खाली बघतो. मग परत बघतो... आणि परत बघताना जरा घाबरतो. बाकीचे घाबरत न्हाईत."

"फोनवर असतं ना काहीतरी?"

"असतंय की. रेंज आली तर दिसतंय. सगळ्यात जवळचा माणूस साठ किलोमीटरवर."

आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात फुला आत्या जेवणाचा डबा घेऊन आली. बांची ही थोरली बहीण बसते तीच बोलत बोलत.

"सोमवारी अणशीला जायचं हाय, ध्येनात हाय न्हवं? पोरगी चांगली हाय. बाप गेल्यावर वर्साच्या आत लगीन झालं तर झालं, न्हाईतर तीन वर्सं थांबाय लागतंय. आपली रीतच हाय ती."

"बघू," वासू म्हणाला.

हे 'बघू' आठवडाभर चाललं होतं. मी त्याला ओळखते. सोमवारी तो जाईल, चहा पिईल, खाली मान घालून बसेल आणि त्याच्या गप्प बसण्यालाच सगळे होकार समजतील. मग तो तर अडकेलच, पण अणशीची ती मुलगीही अडकेल, तिचा काही दोष नसताना.

आत्या शेजारच्या राशींकडे गेल्यावर वासूनं ढिगातला सगळ्यात मोठा कोन उचलला, केळीच्या सोपटाची दोरी घेतली आणि त्याला गाठ मारली. बा मारायचे तशीच.

"कुणासाठी?"

"येईल परत," तो पुटपुटला आणि जीपमधलं दुसरं पोतं आणायला गेला. मीही पाणी भरायला गेले.

परत आले तर शेजारचे म्हादूमामा सांगू लागले, "एक पोरगा आलता, हेल्मेटवाला. थोरला कोन मागत हुता. मी म्हटलं, गाठ हाय त्याला, तो कुणाचा तरी झालाय. तर इचारतोय, त्या बसलेल्या पोरानं सोताच मारली काय? म्हटलं, व्हय. त्वांड पाडून गेला बघ. कोनासाठी एवढं त्वांड पाडणारा माणूस मी आजवर बघितला न्हवता."

वासू पोतं टेकवून ऐकत होता. "जाऊ दे," म्हणाला.

मी तो कोन उचलून त्याच्या हातांत दिला. "चल."

"अक्का... लोक हायत."

"लोकांना कोन दिसेल."

अर्जुन मैदानाच्या कडेला, जांभळाखाली, बुलेटवर बसला होता. हेल्मेट चढवलेलं. मी थोडी अलीकडे, टोपल्यांच्या दुकानाशी थांबले आणि एकच टोपली पुन्हा पुन्हा उलटीसुलटी करून पाहत राहिले.

"हा तुमचा," वासू म्हणाला.

"गाठ आहे त्याला. कुणाचा तरी झालाय म्हणे."

"झालाय की."

"कुणाचा?"

"शिजवायचा कसा ते न ऐकता गेला, त्याचा."

हेल्मेटच्या आत काय झालं ते मला दिसलं नाही. पण काच वर सरकली.

"मग तोंडानं सांगायचं," अर्जुन म्हणाला. "आमच्या दुकानात बांधून ठेवलेला माल म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाचा."

"आमच्यातबी तसंच. फक्त गिऱ्हाइकाला कळाय पायजे, की ते गिऱ्हाईक आपणच."

"अवघड गाव आहे तुझं."

तुमचं नाही, तुझं. वासूच्या ते लक्षात आलं. त्यानं कोन दुसऱ्या हातात घेतला.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"सकाळीच. तुमच्या समोरून ही गाडी घेऊन गेलो. सगळ्यांनी गाडी बघितली. तू नाही बघितलीस."

"कुठली गाडी?"

अर्जुन मोठ्यानं हसला. मग त्याची नजर वासूच्या डोक्यावर गेली आणि हसू थांबलं. "वडील?"

"व्हय. दोन महिने झाले."

त्यानं हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं. मी हातातली टोपली खाली ठेवली.

वासूनं कोनावरची गाठ चाचपली. "सोमवारी मला पोरगी बघाय नेणार हायत."

"जाणार?"

दुकानातली बाई मला विचारत होती, टोपली हवी की नको.

"न्हाई," वासू म्हणाला.

त्यानं कोन अर्जुनच्या हातांत दिला आणि तसाच, रिकाम्या हातांनी, सरळ आत्याकडे गेला. मी मागोमाग.

"आत्या, अणशीला निरोप पाठीव. मी तीन वर्सं थांबतो."

"अरं, तीन वर्सांत–"

"आणि तीन वर्सांनीबी पोरगी बघायची न्हाई. कधीच न्हाई. मी तसा न्हवं."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर मैदानापलीकडे गेली, जिथं रामनगरचा एक मुलगा सहा किलोचा कोन तान्ह्या बाळासारखा कवटाळून उभा होता.

"जायच्या आधी तुझा बा मला म्हणाला हुता," ती सावकाश म्हणाली. "वासूला घाई करू नगा. कोन घाईनं काढला की मोडतो. मला वाटलं, कोनाचंच सांगतोय." तिनं पदरानं नाक पुसलं. "ते पोर जेवलंय काय इचार. डब्यात भाकरी हायत."

सोमवारी आम्ही अणशीला गेलो नाही. अर्जुनच बाजारकुणंगला आला. परसाच्या वरच्या अंगाला बांनी श्रावणात मारलेली शेवटची गाठ होती, काळी पडलेली. आधी गाठ सोडायची, मग खणायचं.

"मी सोडू?" अर्जुननं विचारलं. वासूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

दुपारपर्यंत दोघं खणत होते, बोटांनी माती उकरत, एकमेकांच्या चुका काढत. कोन अखंड निघाला. मी तो टोपलीत ठेवला. ती टोपली मी त्या दिवशी घेतलीच होती.

बांच्या गाठीची ती दोरी अर्जुननं आपल्या बुलेटच्या हँडलला बांधली. गाठ वेडीवाकडी बसली, पण वासूनं ती सोडू दिली नाही. रामनगरात दुकानासमोर लोक अजून विचारतात, हे काय बांधलंयस म्हणून.

"खूण आहे," अर्जुन सांगतो. "मी कुणाचा तरी झालोय."