नाव घातलेलं ताट

“नवरा वेगळा झोपायला लागला, की कारण आपल्याच मनाने ठरवू नकोस गं, त्याला विचार,” असं आत्या साताऱ्याहून फोनवर म्हणाली होती, आणि प्रियदर्शिनीने ते हसण्यावारी नेलं होतं. तान्ही राजी रात्रभर कुरकुरते, विश्वजितला सकाळी लवकर कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोचायचं असतं, हॉलमध्ये त्याला जरा झोप तरी लागते... इतकं साधं तर होतं सगळं.

मग एका रविवारी त्याने स्वतःच सांगितलं. बाजारातल्या रक्तदान शिबिरानंतर त्याला पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. त्याला एचआयव्ही होता. कुठून आला, तेही त्याने मान खाली घालून सांगितलं. लग्नाआधीचं होतं, आणि ते त्या दोघांतच राहिलं. तिच्या आणि राजीच्या तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला.

औषधं सुरू झाली. एकही गोळी चुकली नाही. पुढे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की रक्तात विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही, पुन्हा तपासलं तेव्हाही सापडला नाही. गोळ्या अशाच रोज चालू राहिल्या, तपासण्या वेळेवर झाल्या, तर शरीरसंबंधातून तो बायकोला लागणार नाही. मनात धाकधूक असेल तर निरोध वापरा, पण नवरा-बायकोसारखे राहा... प्रियदर्शिनी लाजली नाही. जे विचारायचं ते तिने तिथेच विचारून घेतलं, आणि परत येताना रिक्षात त्याचा हात हातात घेतला. त्याने तो हळूच सोडवला.

त्यांच्या घरची रीत होती, नवऱ्याचं जेवण झालं की बायको त्याच ताटात जेवायची. तिच्या सासूबाईंनी, प्रेमलाबाईंनी, संसारभर तसंच केलं होतं, आणि प्रियदर्शिनी पदवीधर असूनही ते हौसेने करायची. विश्वजितने नवं स्टीलचं ताट, वाटी, पेला आणला आणि तिन्हींवर स्वतःचं नाव घालून घेतलं. जेवण होताच तो ती भांडी स्वतः घासायचा, वेगळी उपडी घालायचा. ताटा-पेल्यातून काही लागत नाही, हे त्याला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं, आणि बायको-पोरीकडे बघून वाटणारी भीती वेगळी...

प्रेमलाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शिकलेल्या सुनेला नवऱ्याचं उष्टं नकोसं झालंय, अंथरूणही नकोसं झालंय, असं त्या शेजारच्या मीनाताईंना सांगायच्या, तेही स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एका वाक्यात प्रियदर्शिनीची सुटका झाली असती. ते वाक्य तिने रोज गिळलं. त्याचं गुपित आपल्या मानासाठी खर्च करायचं नाही, हा तिचा निश्चय होता. आणि डोळे भरून आलेले असतानाही तिला त्या निश्चयाचा अभिमान वाटायचा.

एका दुपारी राजी रांगत रांगत बापाच्या पेल्यापाशी गेली आणि तिने तो तोंडाला लावला. विश्वजितने झडप घालून हिसकावला. पोरीने टाहो फोडला. प्रेमलाबाई तिला उचलून घेत सुनेवरच घसरल्या.

“बघ काय करून ठेवलंस माझ्या लेकाचं. पोरीनं पेल्याला तोंड लावलं तरी दचकतोय त्यो. तुझ्या सोवळ्यानं भ्यायलंय माझं माणूस. नको असंल नवरा, तर माहेरला जा की बाई.”

प्रियदर्शिनी खाली वाकून सांडलेलं पाणी पुसू लागली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तर त्याला बोलणं भाग पडलं असतं. तिचं ते न पाहणंच त्याला सोसवलं नाही.

“आई, तिला बोलू नकोस. सोवळं तिचं नाही... माझं आहे.”

आणि त्याने आजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. ती अजून तरुण आहे, तिने माहेरी जावं, दुसरा संसार मांडावा, असं आपल्यालाच वाटतं, म्हणून लांब राहतो, असंही सांगून टाकलं.

“मला विचारलंत?” प्रियदर्शिनी म्हणाली, आणि ती तिथेच थांबली नाही. “डॉक्टर बोलले तेव्हा मीही तिथेच होते. मला राखणदार नकोय, अहो. मला माझा नवरा हवाय. सासूबाईंसमोर बोलतेय, तरी चालेल मला.”

प्रेमलाबाई पोरीला मांडीवर घेऊन खाली बसल्या. पोरीला लागेल का, एका ताटातून लागेल का, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि सून दरवेळी तेवढ्याच शांतपणे नाही म्हणत राहिली. मग त्यांनी लेकाचं नाव घातलेलं ताट पुढे ओढलं, त्यात भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि पहिला घास सुनेच्या तोंडापाशी नेला.

“एवढं बोलले मी, अन् एक शब्द काढला न्हाईस? मी असते तर आख्खी सोसायटी गोळा केली असती.”

दुसरा घास त्यांनी स्वतः खाल्ला. विश्वजित भिंतीला टेकून हुंदके देत होता... आणि प्रियदर्शिनीची मान ताठ होती.

त्या संध्याकाळी हॉलमधली गादी तिने स्वतः उचलली. त्याने विचारलं, भीती नाही वाटत? वाटते, ती म्हणाली, तुम्ही गोळी विसरलात तर वाटेल. तो कितीतरी महिन्यांनी हसला. मग त्याने, आपण होऊन, तिचा हात धरला. पुढचं त्या दोघांचं.

तुमच्या इमारतीत, नात्यात अशी एखादी सून असेल, टोमणे ऐकणारी आणि उलट न बोलणारी. ती तोऱ्यात आहे, असं लगेच ठरवू नका. तिच्या घरात काय चाललंय ते खोदून विचारू नका. तिलाच विचारा, झोप होते का तुझी, मनातलं सांगायला कुणी आहे का... आज जमेल तेव्हा, तिच्या दारापर्यंत जाऊन या.