हाड धरेपर्यंत

लिफ्टचं दार उघडलं आणि तिची नजर थेट त्याच्या डोक्यावर गेली.

हेल्मेट काखेत धरून तो घाम पुसत होता. उजव्या कानाच्या वर मोठा खळगा... ती जागच्या जागी खिळली. हे डोकं तर ओळखीचं! गेला आठवडाभर याच डोक्याचा स्कॅन ती संगणकावर फिरवून फिरवून बघत होती. प्रयोगशाळेत तिचं कामच ते. कुणाच्या कवटीचा तुकडा गेला की तेवढीच जाळी थ्रीडी प्रिंटरवर छापायची, तिच्यात हाड वाढवणारं प्रथिन भरायचं आणि वाट बघायची.

"डोकं बघून झालं असेल तर चेहराही बघा," तो म्हणाला. "तो शाबूत आहे."

तिचे कान लाल झाले. "सॉरी... तुमची जाळी मीच करतेय."

"अरे वा! मग मला बघू द्या की."

तो पोहायला शिकवायचा. स्कूटरवरून पडल्यापासून पाण्यात उतरायची सक्त मनाई होती. हाड भरून आलं तरच पुन्हा तलाव, नाहीतर जन्मभर काठावर उभं राहून शिट्टी फुंकायची.

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर स्वतःची कवटी फिरताना बघून तो खुर्ची पुढे ओढून बसला. चांगली बाजू आरशासारखी उलटवून गेलेला भाग कसा बनवतात, ते तिने मोठ्या ऐटीत समजावलं.

"मग फसलात तुम्ही! माझं डोकं मुळातच वाकडं आहे. उजवीकडे चपटं. ताई मला लहानपणापासून चपट्याच म्हणते."

तिने ताबडतोब जुने फोटो मागितले. ती जाळी तशीच बसवली असती तर वरची कातडी ताणली गेली असती, जखम उसवली असती. ताईने लगोलग त्याचे जुने फोटो पाठवले, बाजूने, मागून, ओल्या केसांतले. कामापुरते दोन-चार पुरेसे होते. तिने सगळे पाहिले, आणि मग पुन्हा सगळे पाहिले.

शस्त्रक्रियेत नवी जाळी चपखल बसली. त्यानंतर तपासणीला आला की तो तिच्या दारात डोकावायचाच.

"आत काय चाललंय सध्या?"

"प्रथिन हाका मारतंय," ती म्हणायची. "कडेच्या हाडातल्या पेशी त्या ऐकून जाळीत शिरतात. मागोमाग रक्तवाहिन्या येतात. हाड रचलं जातं आणि जाळी हळूहळू विरघळून जाते."

"आणि कुठं थांबायचं, ते कोण सांगतं त्यांना?"

"तेच तर! ते मलाही पुरतं कळलेलं नाही. इतकी वर्षं हेच करतेय, तरी अंगावर काटा येतो."

"बाई, काय काय भरून ठेवलंय तुम्ही माझ्या डोक्यात!"

"फक्त प्रथिन."

"तेवढंच नाही हो—"

"आत्ता नको..." ती घाईघाईने म्हणाली. "हाड धरेपर्यंत काही बोलू नका."

भीती वाटत होती तिला. नाहीच धरलं तर? त्याचं पोहणं कायमचं सुटलं, तर तो तिचं तोंड तरी बघेल का?

काही महिन्यांनी नवा स्कॅन आला. ती फाईल उघडणार, तोच त्याने माऊसची वायर उपटली.

"अहो, हे काय!"

"आधी माझं ऐका. हाड धरलं असलं तर नंतरचं बोलणं तुम्हाला आभार वाटेल. नसलं धरलं, तर... तर तुम्हाला माझी दया येईल. म्हणून आत्ताच सांगतो. मला तुम्ही आवडता. आत हाड असो नाहीतर भोक."

तिने वायर परत खोचली आणि फाईल उघडली.

पडद्यावर खळग्याच्या कडांवरून पांढरे धागे निघाले होते. चहूबाजूंनी पुढे सरकत सरकत ते मधोमध एकमेकांना भेटले होते. जाळी तिने केली होती, पण हे हाड कुणीच केलं नव्हतं. ते आपलं आपण आलं होतं, त्याच्या वाकड्या डोक्याचा चपटेपणा सांभाळून. तिचे डोळे भरून आले.

ते बघून त्याचा चेहरा पडला. "नाही ना धरलं?"

"धरलंय रे वेड्या!" ती रडता रडता हसली. "आणि तुला एवढी कसली घाई? आधी मी सांगणार होते."

"मग सांग की..."

तिने सांगितलं. शेजारच्या टेबलांवरची मंडळी हातातली कामं टाकून ऐकत होती, तरीही अगदी मोठ्याने सांगितलं.