पट्टेकऱ्याच्या मागे

तुम्ही खोटं बोललात.

तुमच्या संस्थेचं धुळ्याचं केंद्र त्या दुपारी बंद होतं, आत चिटपाखरूही नव्हतं, असं तुम्ही पेपरात छापून आणलंत. बातमीशेजारी स्वतःचा कोट घातलेला फोटोही दिलात. तुमचं नाव इथे लिहिलेलं नाही. भीती हे त्याचं कारण समजू नका. ज्यांना ओळखायचं त्यांनी पहिल्या ओळीतच ओळखलंय.

आता खरं काय घडलं ते ऐका. यातला एक शब्द बनवलेला नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो अभिमन आजही धरणगावात आहे. शुद्धीत आहे, कामधंदा करतो, विचारलं तर हेच सांगतो. फक्त पाठीला भिंत असेल तरच बसतो.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. ही गोष्ट दिवसाढवळ्याची आहे. साल अठ्ठ्याण्णव, मे महिना, जळगाव. आमच्याकडची मे महिन्याची दुपार ज्याने पाहिली त्याला सांगायला नको. डांबर चपलेला चिकटतं. कुत्री गटारीत जाऊन पडतात. रस्त्यावर माणूस नाही, आवाज नाही...

त्यापेक्षा मध्यरात्र बरी.

तुमच्या संस्थेची कॉम्प्युटर शिकवणारी दोन केंद्रं. एक जळगावला, एक धुळ्याला. रोज दुपारी जळगावचं मशीन फोनच्या लाइनवरून धुळ्याच्या मशीनला जोडलं जायचं. आधी मोडेमचा तो आवाज. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मग एकदम शांत. लाइन लागली. संस्थेची माहिती इकडून तिकडे गेली की सर जेवायला जात, लाइन तशीच राही, आणि त्या लाइनवर पोरं खेळत.

खेळ जीवरामने लिहिलेला. जीवराम म्हणजे धुळ्याच्या केंद्रातला विद्यार्थी, दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला. खेळात चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, बस. आकाशात भरकटलेलं एक मोडकं यान. त्यात अडकलेली माणसं. बाहेरून चढून आलेले यंत्रमानव. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि खेळ संपेपर्यंत तेच होऊन राहायचं. बोलायचं ते टाइप करायचं. अक्षरं इंग्रजी, भाषा अहिराणी.

आता यान काही जीवरामने पाहिलेलं नव्हतं. त्याने पाहिलेलं होतं ते तुमचं केंद्र. तेच त्याने आकाशात सोडलं. म्हणून त्या यानाला शटर होतं. शटरच्या मागे कॉम्प्युटरची खोली, तिच्या मागे लाइट गेल्यावर लागणाऱ्या बॅटऱ्यांची खोली; जळगावला तशा बॅटऱ्या नव्हत्या. यानाला खिडकी नव्हती, कारण तुम्ही धुळ्याला एकही ठेवलेली नव्हती.

सगळी पोरं बंदूकवाली झाली. अभिमन एकटा पट्टेकरी, दांडपट्टा चालवणारा.

"लोक लेझरने तारे फोडताहेत," पुना नावाचा त्याचा वर्गमित्र म्हणायचा, "आणि हा बावळट पट्टा फिरवतोय. जत्रेत जा ना भो, चार लोक टाळ्या तरी वाजवतील."

"तुला कोण मेलं ते तरी दिसतं का?" अभिमन म्हणायचा. "मी ज्याला मारतो त्याच्या डोळ्यात बघून मारतो."

"यंत्रमानवाला डोळे असतात का रे?"

 अभिमनने पात्र मात्र बदललं नाही.

पट्टेकऱ्याला लांबचं काही दिसत नसे. त्याला लढायचं तर अंगाला अंग भिडेल इतकं जवळ जावं लागे. त्या बदल्यात जीवरामने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. पहिली 'आड'. पट्टेकरी आड उभा राहिला की मागच्या सोबत्यावरचा प्रत्येक वार त्याच्यावर पडे. सोबती त्या खोलीतून गेला, की आड आपोआप सुटे. दुसरी 'चाहूल'. कोणी हाताच्या अंतरावर आलं की मशीन टीं करी आणि पडद्यावर बाजू उमटे. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. बाजू चारच.

जीवराम स्वतः मिस्तरी व्हायचा. हातात पाना, हत्यार नाही. त्यामुळे तो कायम अभिमनच्या मागे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण यानात एकमेकांशिवाय एक खोली ओलांडली नव्हती.

त्या दुपारी सर जेवायला गेले. पोरं रस प्यायला गेली. आतमध्ये अभिमन एकटा. दाराबाहेर स्टुलावर शिपाई छगननाना पेंगत होते.

पडद्यावर जीवरामची अक्षरं आली. 'काय करी ऱ्हायना भाऊ?'

'पट्ट्याले धार लाई ऱ्हायनू,' अभिमनने टाइप केलं. 'तू जेवना का?'

'सर, पोरे, बठ्ठा जेवाले ग्यात. मी एकलाच शे.'



आणि मग...

'शटर पडनं.'

'कोनी पाडं?'

'बाहेरथीन. मी हाका मारी ऱ्हायनू.'

अभिमन खुर्चीत सरसावून बसला. जीवरामने मागेच सांगून ठेवलं होतं की पुढच्या भागात यानाला आग लावणार. म्हणजे आज नवा भाग सुरू.

'बॅटरीनी खोलीमाईन धूर ई ऱ्हायना.'

'मन्हा मांगे उभा ऱ्हाय,' अभिमनने लिहिलं, आणि आड घेतली. झोकात घेतली. पट्टेकऱ्याने असंच करायचं असतं.

'काही दिखत नही.'

'मी शे ना.'

'अभिमन, सोडू नको.'

खट्ट करून लाइन गेली.

अभिमनने फोनवाल्यांना शिवी दिली, माठातलं पाणी प्यायला आणि धरणगावची एसटी पकडली. गाडी निम्म्या वाटेत असताना त्याच्या लक्षात आलं. खेळाने स्वतः आगीचा एक शब्दही दाखवला नव्हता. जे काही आलं ते जीवरामकडून आलं होतं. आणि खेळात जीवराम त्याला नेहमी 'पट्टेकरी' म्हणायचा.

'अभिमन' अशी हाक त्याने कधीच मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुमची बातमी. धुळ्याचं केंद्र जळालं. सुट्टी होती. आत कोणी नव्हतं. दोन दिवसांनी आणखी एक बातमी. जीवराम नावाच्या मुलाने मशीनचे भाग चोरले, चोरी लपवायला आग लावली आणि सुरतेला पळाला.

अभिमन सरांकडे गेला. म्हणाला, "सर, तो आत होता. मी त्याच्याशी बोलत होतो."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "कशावर बोलत होतास?"

"खेळात."

"केंद्राच्या लाइनवर खेळ खेळणाऱ्याचं नाव पटावरून काढून टाकतात. तुझ्या वडिलांना बोलावू?"

हे सरांना कोणी शिकवलं, ते तुम्हाला माहीत आहे.

अभिमन बाहेर आला. पण त्या दुपारी सर गेल्यावर त्याने मशीन चालू केलं. खेळ जळगावच्याच मशीनवर राहायचा. त्याला फक्त एवढंच पाहायचं होतं, की आड सुटली का. लाइन तुटली म्हणजे सोबती गेला. सोबती गेला म्हणजे आड सुटली. नियमच तसा होता.

पडद्यावर अक्षरं आली.

'आड चालू.'

अभिमनने मोडेमकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. त्याने हात घालून फोनची वायरच उपटली.

टीं...

'मागे.'

त्याने वळून पाहिलं. पांढरी भिंत. कॅलेंडर. काही नाही.

टीं...

'मागे.'

मग खाली दुसरी ओळ उमटली. 'वार तुझ्यावर.' मग पुन्हा. 'वार तुझ्यावर.' 'वार तुझ्यावर.' समोर एकही यंत्रमानव नव्हता. खोलीत एसी चालू होता आणि अभिमनची मान भाजत होती. चुलीकडे पाठ करून बसल्यासारखी. आणि वास येत होता... जळक्या रबराचा.

दार वाजलं.

"दोघं बाहेर या रे," छगननाना बाहेरून म्हणाले. "सर फाटकात आलेत."

"दोघं कोण, नाना?"

"म्हाताऱ्याला उल्लू बनवू नको. बाहेर चपलांचे दोन जोड आहेत."

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कोणी जात नाही. धूळ जाते म्हणून. आत किती पोरं आहेत ते नाना चपलांवरून सांगायचे आणि त्यांचं कधी चुकायचं नाही.

अभिमन बाहेर आला. चपलांचा जोड एकच होता. त्याचा.

शेजारी फरशीवर काळे डाग. पावलाएवढे. रबर वितळून चिकटल्यावर पडतात तसे. नानांनी वाकून एक डाग नखाने खरवडला आणि बोट झटकलं.

"गरम शे," ते म्हणाले. नाना केंद्रात कधी अहिराणी बोलत नसत.

त्यानंतर ते स्टूल त्यांनी फाटकाजवळ नेलं.

मग भिकुबाई आली. जीवरामची आई. सरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"पोऱ्या सुरतले गया म्हणतस. कोनी देखा?"

"मावशी, वरून जे कळवलंय तेच मी सांगतोय."

"वर कोन ऱ्हास?"

सरांनी पंखा वाढवला. ती बाहेर आली तेव्हा अभिमन फाटकाशी उभा होता. नानांनी नाव घेऊन त्याच्याकडे बोट केलं, तसं तिने त्याला खालीवर पाहिलं.

"तू अभिमन शे ना? घर वना की तुन्हंच नाव घ्ये तो. म्हने, मन्हा भाऊ जळगावले ऱ्हास." मग म्हणाली, "तो चोर नही शे, ते माले सांगाले नको. जित्ता शे का नही, इतलंच सांग."

अभिमनने तिला सगळं सांगितलं. शटर, धूर, आड, सगळं. आपल्याला तो खेळ वाटला, तेही. ती मार देईल म्हणून त्याने मान खाली घातली होती. तिने मारलं नाही. रडलीही नाही.

"तो तुन्हा मांगे शे म्हणस ना?"

"हो."

"मंग इचार त्याले."

सर घरी गेल्यावर नानांनी कुलूप काढून दिलं आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले. भिकुबाईने चपला बाहेर काढल्या. आत येऊन ती अभिमनच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या मागे कोणीतरी दिसणारं माणूस होतं.

'आड चालू.'

अभिमनने टाइप केलं, 'जीवराम, तू कोठे शे?'

काही नाही. एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. बाहेरचा पंखाही थांबला. लाइट गेली होती. ट्यूब विझली...

पडदा विझला नाही.

टीं...

'खाली.'

अभिमनने ते अक्षर अक्षर लावून वाचलं. जीवरामच्या खेळात खाली नावाची बाजू नव्हती. चारच बाजू होत्या. त्या अभिमनला पाठ होत्या.

टीं...

'खाली.'

"काय म्हणस तो?" भिकुबाईला अक्षर येत नव्हतं.

"खाली म्हणतो, मावशी."

तिने पायाखाली पाहिलं. हळूच बसली. तळवा फरशीवर ठेवला आणि निजलेल्या पोराचा ताप पाहावा तसा बराच वेळ ठेवून राहिली.

"आठे नही," इथल्या फरशीवरचा हात काढून ती म्हणाली. "ही गार शे."

मग तिचा चेहरा बदलला. अभिमन म्हणतो, मागे जे काही उभं होतं त्याची भीती एकीकडे आणि त्या बाईचा तो चेहरा एकीकडे.

"मी धुळे जाई वनू," ती म्हणाली. "भिंती काळ्याच शेत. पन त्यासनी नवी फरशी टाकी."

अभिमन दुसऱ्याच दिवशी धुळ्याला गेला. शटर अर्धं वर होतं. वाकून त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. भिंती कोळसा झालेल्या. छतातून जळक्या वायरी लोंबताहेत. आणि खाली नवी कोरी फरशी, तिच्यावर पाणी मारून अंथरलेली ओली पोती. तुमच्या माणसाने त्याला दंडाला धरून हुसकावलं. वाकलेला असताना त्याने मात्र ऐकलं...

टीं.

तिथे मशीन नव्हतं. जळगावचं मशीनही तुम्ही त्याच आठवड्यात उचलून नेलंत.

आज वर्ष होत आलं. अभिमनला अजून मधूनच ऐकू येतं. एसटीत, शेतात, जेवताना. मान भाजते. बायाबापड्यांनी उतारे सुचवले, त्याने केले नाहीत. तो म्हणतो, सोडू नको म्हणाला होता. मी आड सोडलेली नाही.

भिकुबाई बाजाराच्या दिवशी धुळ्याला येते आणि तुमच्या शटरसमोर बसते. तुम्ही तिला वेडी ठरवलंत. तिने तुमच्याकडे भरपाई मागितलेली नाही. चोराची आई म्हणून गावात मान खाली घालून चालते ती, आणि तिला एवढंच हवंय, की रडायचं की वाट पाहायची.

म्हणून हे चार लोकांत विचारतोय. फोन जळला, तो तुम्ही बदलला नाही. वायरी लोंबताहेत, त्या काढल्या नाहीत. भिंतीला साधा चुना फासला नाही. मग राख निवायच्या आत, सगळ्यांत आधी, फरशीच का घातलीत?

आणि खाली काही नसेल, तर ती उखडून दाखवायला तुम्हाला अडवतंय कोण?