दुसरा आर्विड

डुलुथच्या बंदर कचेरीतल्या संगणकाची जुनी डिस्क संध्याकाळी भंगारात जायची होती. सोल्वेगला तिच्यातून एकच फोटो हवा होता, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम करणाऱ्या तिच्या भावाचा. सुपीरियर सरोवराच्या बर्फाखाली आर्विड गेला तो गेलाच. पण फोटोही त्या पाण्याच्या घशात घालायला ती तयार नव्हती. तिने आपल्या मुलाचं नावसुद्धा हट्टाने आर्विडच ठेवलं होतं.

तिने शोधासाठी संगणकाला हुकूम देणारी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली: फोल्डर उघड, त्याच्या आतला उघड, त्याच्याही आत जा, आणि ‘आर्विड’ दिसला की परत फिर.

फोटो लगेच सापडला. भाऊ हसत होता, दाढीवर बर्फाचे कण होते. तिने तो आपल्याकडे उतरवून घेतला. शोध मात्र चालूच राहिला.

"परत फिर म्हणून फक्त सगळ्यात आतल्या फोल्डरातल्या शोधाला सांगितलंस," शेजारच्या टेबलावरचा म्हातारा तोइवो कॉफी ढवळत म्हणाला. "वरच्यांना कोण सांगणार? ते बसलेत दुसरा आर्विड हुडकत. नवशिक्याची चूक केलीस, पोरी."

"दुसरा नाहीये या डिस्कवर."

पडद्यावर फोल्डरांची नावं सरकत होती. बंदराचा धक्का. चढाचा रस्ता. पिवळं घर.

सोल्वेगचं घर पिवळं होतं. तापाने फणफणलेला मुलगा तिथे आजीपाशी होता.

मागचा जिना.

तोइवोचा चमचा थांबला. "थांब जरा, बघू तरी कुठवर—"

"अजिबात नाही. मी लिहिलंय, मीच मोडणार."

तिने थांबवायची बटणं दाबली. शोध थांबेना. तिने भिंतीतून वायरच उपटली.

मग आईला फोन लावला.

"झोपलाय गं," आई म्हणाली. "पण मागच्या दाराने कोण आलं होतं? जिन्यावर ओले ठसे आहेत. पार वरच्या पायरीपर्यंत."

"आणि उतरतानाचे?"

"उतरतानाचे नाहीत." आईचा आवाज बारीक झाला. "सोल्वेग, बूट ओळखीचे वाटतात गं."

सोल्वेगने कोट चढवला.

"पोराच्या दारात खुर्ची टाकून बस. हलू नकोस. जो वर आलाय त्याला परत फिर म्हणायचं माझ्याकडून राहिलंय, ते मी येऊन सांगते."

फोनमध्ये जिन्याची फळी एकदाच करकरली, ताटकळलेल्या माणसाने पाय बदलावा तशी.