शेवटचा उजेड

वाळवंटात जायचं म्हणजे आता कॅमेऱ्यापेक्षा अंधाराचीच तयारी जास्त. पूर्वी लोक कॅमेऱ्यात धूळ शिरू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचे. आता काळ्या पिशव्या, तांबडा दिवा आणि वाळूच्या कणांतून चित्र काढणारा कणचित्रक एवढं नीट बांधलं की निम्मं काम झालं.

डॉक्टर टिल्लूंच्या प्रयोगशाळेत वृंदा सबनीस हेच सामान बांधत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ अवधूत वाळवंटात फोटो काढायला गेला, वादळात सापडला आणि परतलाच नाही. वाळूत गाडलेला कॅमेरा तेवढा मिळाला. अवधूत शेवटी कुठल्या बाजूला गेला एवढं कळलं, तर वृंदा त्याला हुडकून घरी आणणार होती. असेल त्या रूपात.

"पण वाळूला काय ठाऊक, दादा कुठे गेला?"

असे प्रश्न टिल्लूंना फार आवडत. कपातला चहा निवला तरी चालेल.

"उजेडात असलेला कण सारखा पाहतो आणि सारखा विसरतो. गाडला गेला की शेवटचा उजेड त्याच्यात कोंडून राहतो. कणचित्रक तो बाहेर काढून चित्र जुळवतो. एकदाच."

"आणि मधेच ऊन लागलं तर?"

"जुनं गेलं, नवं बसलं. तिथल्या टेकड्या सारख्या सरकतात, म्हणून तर मला धास्ती आहे." ते एकदम थांबले. "अहो, पण भावाच्या कॅमेऱ्यात वाळू अडकली असेलच की! ती तर त्याच्यासमोरच गाडली गेली."

वृंदा तशीच घरी गेली आणि कपाटातला कॅमेरा पिशवीसकट घेऊन आली. तांबड्या दिव्याखाली टिल्लूंनी लेन्सचं कडं सोडवलं. चिमूटभर वाळू निघाली. ती त्यांनी कणचित्रकात घातली.

पडद्यावर एक पिवळा ठिपका उमटला.

"सूर्य असावा," टिल्लू म्हणाले.

मग दुसरा उमटला, तिसरा उमटला. ते झेंडू होते. झेंडूंच्या मागे हातात ब्रश घेतलेली, रडून नाक लाल झालेली एक बाई वाकली होती.

खंडेनवमीला दादा सगळे कॅमेरे खोलून पुसायचा, त्यांची पूजा करायचा. गेल्या वर्षी ते वृंदानं केलं. गच्चीत उन्हात बसून, कडं काढून, हाताला लागेल तो कण झाडला. हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली आणि कडं परत बसवून कॅमेरा पिशवीत घालून कपाटात ठेवून दिला.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" टिल्लू हळूच म्हणाले.

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. चित्रातल्या बाईचं तोंड उघडं होतं.

"काहीतरी म्हणताय तुम्ही."

"पुसता पुसता त्याच्याशीच बोलत होते हो," ती म्हणाली. "दादा, कुठे गेलास रे, असं विचारत होते."