गळक्या गाडीचा गुन्हेगार

"आला! आला! खाली वाक!" अंजलीनं वैष्णवीचं डोकं दाबलं आणि रुद्रसकट तिघंही पार्किंगमधल्या स्कूटरमागे दडली.

समोर वैष्णवीच्या आईची जुनी पांढरी गाडी उभी होती आणि तिच्याखाली तेलाचा काळा डाग. दिवाळीपासून त्या गाडीचं इंजिन ऑइल गळत होतं. गॅरेजवाल्या ललितमामांनी पुन्हा पुन्हा पॅकिंग बदललं, तरी थोड्याच दिवसांत डाग हजर! शेवटी पप्पा वैतागले आणि उद्या गाडी विकायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

आता आई शिकवायची कळवणजवळच्या एका गावातल्या शाळेत. सकाळी तिथं वेळेत पोचणारी एसटी नाही. म्हणजे गाडी गेली, की जूनपासून आई तिकडेच खोली घेऊन राहणार आणि घरी येणार फक्त रविवारी! हे ऐकल्यापासून वैष्णवी सारखी गाडीभोवती घिरट्या घालत होती. कोणीतरी मुद्दाम गाडी बिघडवतंय, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिच्या धाकट्या भावाला, रुद्रला, तर घराजवळचा सगळा गंगापूर रोडच चोर वाटायला लागला होता! शेजारची अंजली तेवढी शांत. "आधी पुरावा!" हे तिचं पालुपद.

आणि पुरावा आत्ता आपल्या पायांनी चालत येत होता! सोसायटीचे सेक्रेटरी खंडेरावकाका. डागावरून पप्पांशी सारखे भांडणारे. हातात पिशवी, नजर चोरटी. ते गाडीपाशी आले, उकिडवे बसले आणि त्यांनी हळूच हात गाडीखाली घातला.

"पकडले!" रुद्र ओरडत बाहेर झेपावला. "काका, नट ढिला करताय ना?"

काका दचकून बसकन खालीच बसले. पिशवी उलटली आणि तिच्यातून पडला... लाकडाचा भुसा!

"नट? अरे गाढवा, भुसा टाकतोय! तेलावरून घसरून कोणाचं हाड मोडलं म्हणजे? तुझ्या पप्पाला सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून मीच टाकतो गुपचूप!"

वैष्णवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काका गेले आणि तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. उद्या गिऱ्हाईक कोण आणणार होतं? ललितमामा! त्यांनीच मुद्दाम पॅकिंग कच्चं बसवलं नसेल कशावरून?

"कशावरून म्हणजे पुरावा नव्हे," अंजली म्हणाली. "तेल नक्की कुठून येतं, ते कोणी पाहिलंय? आमच्याकडे नाही का, पाइप फुटला बाथरूममध्ये आणि पाणी टपकलं हॉलमध्ये! डाग खाली दिसतो, पण तेल वरून ओघळत असेल."

आईला पटवायला फार वेळ लागला नाही. गाडी जावी असं तिला तरी कुठं वाटत होतं! मात्र तिनं बजावलं, "इंजिन चालू असताना कोणी हात आत घालायचा नाही. आणि मी समोर असणार."

मग बॉनेट उघडून गार इंजिनावर साबणाचं पाणी आणि चिंध्या घेऊन फौज तुटून पडली. आत पप्पांनी पूजेचे दोरे आणि लिंबू-मिरची बांधली होती. देवाचं भिजायला नको, म्हणून वैष्णवीनं तेवढ्यावर प्लास्टिकची पिशवी घातली. इंजिन पुसून कोरडं झालं आणि रुद्र घरातून पप्पांची घामोळ्यांची पावडर घेऊन आला.

"पांढऱ्यावर तेल लगेच दिसेल!" असं म्हणत त्यानं अख्खा डबा इंजिनावर रिकामा केला. नाहू-माखू घातलेल्या बाळासारखं इंजिन पांढरंफटक!

आईनं गाडी सुरू केली. सगळे डोळे फाडून बघत राहिले. पावडरीवर एक काळी रेघ उमटली आणि सरसर खाली निघाली!

"वरून! वरच्या झाकणातून!" वैष्णवी किंचाळली.

"म्हणजे पॅकिंग कच्चं! म्हणजे ललितमामाच!" रुद्रनं निकाल लावला.

"थांब रे! नवीन पॅकिंग दर वेळी कसं फाटेल?" अंजलीनं त्याला अडवलं.

पोरांना मागे सारून आईनं फडक्यानं धरून तेल भरायचं बूच जरासं सैल केलं. फुस्स! आतून गरम हवा उसळली.

"अगं, हा तर शिट्टी अडकलेला कुकर!" आई चकित झाली. "हवेला वाट नाही, म्हणून ती तेलाला बाहेर ढकलते आहे."

तिनं गाडी बंद केली. त्या झाकणातून निघालेली एक रबरी नळी होती. वैष्णवीनं तिचा माग काढला आणि तिचा हात थेट आपणच घातलेल्या पिशवीवर जाऊन थांबला. तिनं पिशवी काढली. आत होते पप्पांचे दोरे! संशय घ्यायला सगळं जग शोधलं, पण स्वतःचं घर सोडून!

"आत्ता कोणी काही बोलायचं नाही," अंजली डोळे मिचकावत म्हणाली. "आपलं कोण ऐकणार? उद्या मामांच्याच तोंडून वदवून घेऊ!"

दुसऱ्या दिवशी ललितमामा गिऱ्हाईक घेऊन आले. अंजलीनं भोळा चेहरा केला.

"मामा, इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर कुठून जाते हो?"

"ह्या नळीतून, पोरी!" मामांनी ऐटीत बॉनेट उघडलं. "ही बंद पडली, तर तेल मिळंल त्या फटीतून भायेर येतं. लय सोपं हाय!"

"मग ही उघडी आहे का?" वैष्णवीनं विचारलं.

मामा वाकले. लाल, काळ्या दोऱ्यांनी नळी करकचून आवळलेली होती. पार चपटी! मामांची ऐट उतरली.

"दोरा तर दर टायमाला पायला मी. पण पूजेचा म्हणून हात नाय लावला. देवाचं कसं तोडायचं?"

आता सगळे पप्पांकडे वळले. पप्पांचे कान लाल!

"दसऱ्याला मीच बांधला," ते पुटपुटले. "मग तेल गळायला लागलं. वाटलं नजर लागली, म्हणून दर वेळी आणखी एक... तेल गळायचं, म्हणूनच तर मी दोरे बांधत होतो!"

"आणि पप्पा, तुम्ही दोरे बांधायचात, म्हणूनच तर तेल गळत होतं!" वैष्णवी म्हणाली.

गिऱ्हाईकसुद्धा हसत सुटलं! आईनं हात जोडून दोरे सोडवले आणि गाडीतल्या आरशाला बांधले. वरमलेल्या मामांनी नवी नळी आणि पॅकिंग फुकट बसवलं. मग आईनं सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि कळवणला नेऊन परत आणलं. पोरांनी गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवला. सकाळी तो कोराच्या कोरा!

खंडेरावकाकांनी स्वतः बोट फिरवून खात्री केली. "मान गये! बड्या मेकॅनिकला जमलं नाय ते ह्या पोट्ट्यांनी करून दाखवलं. संशय घेतला माझ्यावर, तेवढं माफ!"

"आणि अक्कल शिकवली मला," पप्पा म्हणाले आणि त्यांनी रुद्रला उचलून खांद्यावर घेतलं.

आई मात्र बाजूला उभी राहून फोन लावत होती. "हॅलो, वत्सलाबाई? तुमची ती खोली दुसऱ्या कोणाला द्या हं. नाही नाही, खोली चांगलीच आहे. पण मी रोज संध्याकाळी घरी येणार आहे."

वैष्णवीनं पुढचं काही ऐकलंच नाही. फोन सुरू असतानाच तिनं आईला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ ती सोडली नाही.