रिकाम्या चौकटीतली बाग

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर जागृती राऊतचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. खाली औषध आणि वर निदान, असं ती स्वतःच म्हणायची. दसरा नुकताच उलटला होता. सकाळी सकाळी गुरुदत्त गुप्ते जिना चढून आले. ठाण्यातल्या एका छोट्या खासगी संग्रहालयाचे ते विश्वस्त. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी चोराचं नाव सांगून टाकलं.

"केशरबाई. आमची झाडूवाली. एक किल्ली तिच्याकडे असते. अष्टमीला रजा टाकून नागपूरला गेली आणि इकडे चित्र गेलं. ऐन दसऱ्यालाच नागपूरला काय काम असतं हो?"

जागृतीचा सहायक सम्यक टिपणं घेत होता. त्याचं पेन थांबलं. दसऱ्याला नागपूरला काय असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी आईचा पदर धरून तो दीक्षाभूमीच्या गर्दीत कितीदा तरी फिरला होता. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्यासोबत आपण कोण हेही सांगावं लागलं असतं, आणि गुप्त्यांनी आल्या आल्या मोठ्या आपुलकीने त्याचा हात हातात घेतला होता. सम्यक मान खाली घालून लिहीत राहिला.

चित्र एका फ्रेंच बागेचं होतं. डिनो नावाचा ठाण्याचा एक ख्रिस्ती खलाशी ते मार्सेलहून घेऊन आला. तो गेल्यावर बायकोने, व्हिक्टोरियाने, ते संग्रहालयाला दिलं. पुढे कित्येक वर्षं ते जिन्याखाली 'विलायती बाग' म्हणून लटकत होतं. मग आसावरी दिघे अभिरक्षक म्हणून आल्या. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे, आणि चार पावलं मागे सरलं की गुलाबांवर ऊन पडलेलं! हे तर इम्प्रेशनिस्ट शैलीचं अस्सल काम, हे त्यांनीच ओळखलं. पुढची सगळी उमेद त्यांनी त्या चित्राचा इतिहास खणण्यात घातली. दिवाळीनंतर पॅरिसच्या एक तज्ज्ञ खास ते बघायला यायच्या होत्या.

संग्रहालयात भिंतीवर चौकट तशीच होती, आत मात्र काही नव्हतं. मागचे खिळे एकेक करून अलगद काढलेले. कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी पट्ट्यांसकट चित्र गेलं होतं. कुलूप शाबूत, आणि समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एवढं मोठं काही नेताना कुणीच दिसत नव्हतं.

जागृती चौकटीच्या खालच्या कडेवर जडवलेली पितळी पट्टी बघत राहिली. डिनोचं नाव लखलखत होतं. शेजारच्या चित्रांच्या पट्ट्या काळ्याकुट्ट. चौकटीच्या फटीत झेंडूची पाकळी अडकली होती. समोरच्या भिंतीवर संस्थापकांची मोठी तसबीर होती, तिला झेंडूचा सुकलेला हार.

"खंडेनवमीला इथली पूजा मीच करते," आसावरीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "फुलांना किडे लागतात आणि किडे चित्रांना. म्हणून दुसऱ्या दिवशी येऊन सगळी काढून टाकते. तेव्हाच ही चौकट रिकामी दिसली."

"आणि पट्टी कुणी घासली?"

"ते साफसफाईचं काम. केशरबाईचं."

डिनोची नात इलेन बोलावल्यावर तावातावानेच आली. चित्र परत मागितल्याचं तिने लपवलं नाही. "ग्रँडपाचं नाव काळं पडलेलं, वाचता येईना. मी आसावरीबाईंना चांगलं सुनावलं. ती झाडूवाली तेव्हा नव्हती, त्याच दिवशी रजेवर गेलेली." किल्ली मात्र इलेनकडे कधीच नव्हती.

केशरबाईंना पोलीस रोज चौकीत बोलावून बसवून ठेवत होते. तिथेच जागृतीने त्यांना गाठलं. किल्ली आपल्याजवळच होती आणि चित्रांपुढच्या दोरीपलीकडे जायची आपल्याला मनाई आहे, एवढंच त्या सांगत राहिल्या. गुप्ते शेजारीच उभे होते.

"किल्ली कुणाला दिलीस?" सम्यकने दरडावून विचारलं. आईच्या वयाच्या बाईला तो एकेरीत बोलला.

केशरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुणाला नाय, साहेब," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जागृतीने सगळ्यांना संग्रहालयाच्या दालनात बोलावलं.

"चोर चोरी करायच्या आधी पितळ घासत नाही," ती म्हणाली. "इलेनने पट्टी काळी पाहिली तेव्हा केशरबाई रजेवर गेल्या होत्या. म्हणजे ती नंतर घासली गेली. किल्ल्या दोनच. एक नागपुरात, दुसरी आसावरीताईंकडे. केशरबाई बौद्ध आहेत. दसरा त्यांच्यासाठी धम्मदीक्षेचा दिवस, त्या दीक्षाभूमीवर जातात. गुप्तेसाहेब, तुम्ही विचारलं असतंत तर त्यांनीच सांगितलं असतं."

सम्यकला कुणीतरी कान पिळल्यासारखं झालं. हे तर त्याने सांगायचं होतं.

"चित्र पट्ट्यांसकट निघालं. जुना कॅनव्हास गुंडाळला तर रंग तडकतो, याची काळजी चित्रावर जीव असलेलं माणूसच करतं. आणि ते बाहेर गेलंच नाही. आसावरीताई, फुलं तुम्ही दुसऱ्या दिवशी काढता ना? मग संस्थापकांच्या तसबिरीवर सुकलेला हार अजून कसा? तो काढायला तसबीर हलवावी लागली असती."

गुप्त्यांनी स्वतः तसबीर उतरवली. मागे बाग होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असाच प्रकार. फक्त खालच्या कोपऱ्यातले गुलाब उरले नव्हते. तिथे फिकट डाग पडला होता.

आसावरीबाई सांगू लागल्या. इलेनचं बोलणं मनाला लागलं होतं. पूजेला घरची देवाची भांडी घासतात तशी त्यांनी चिंचेने पट्टी घासली. चौकट चित्रासकट टेबलावर आडवी होती. कोळ चित्रावर सांडला. घाबरून ओल्या फडक्याने पुसायला गेल्या, तर गुलाब फडक्यावर आले.

"विद्यार्थ्यांना सांगत आले, चित्राला बोट लावू नका. आणि मीच चिंच घेऊन बसले. कुठल्या तोंडाने सांगणार होते? वाटलं, चोरीला गेलं म्हणून सुटेन. मग पोलिसांनी केशरबाईला नेलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले."

त्यांनी केशरबाईंपुढे हात जोडले, पण मान वर केली नाही. गुप्ते मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

केशरबाई बाहेर पायरीवर चपला घालत होत्या. सम्यक त्यांच्या मागोमाग गेला.

"चुकलो, मावशी. मी पण तुमच्या मोहने गावचाच. आपलाच आहे."

"ठावं हाय रे," त्या म्हणाल्या. "विहारात तुझ्या आईशेजारी बसते मी. तुझा फोटो दाखवत असते सगळ्यांना. तू एकेरीत बोललास तेव्हाच कळलं, साहेबासमोर तुला ओळख नको हाय. मग मी पण नाय दाखवली."

सम्यक एक पायरी खाली उतरला.

"आईला काय सांगणार नाय मी," त्या म्हणाल्या आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या.

त्यालाही घरी जायचं होतं आणि वाट एकच होती. पण त्यांच्या शेजारून चालायचं तोंड त्याला उरलं नव्हतं. त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत तो पायरीवरच उभा राहिला.